यकृताचा कर्करोग : गाठीइतकेच लक्ष यकृताकडे

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत काय किंवा आजूबाजूच्या कोणत्याही गावात काय, डोळे पिवळे पडले आणि पोट फुगले की घरात पहिला सल्ला मिळतो तो कावीळ उतरवून घेण्याचा. पाल्याचा रस दिला जातो, पथ्य सांगितले जाते, दोन-तीन आठवडे वाट पाहिली जाते. मग कधीतरी जालन्याला सोनोग्राफी होते आणि यकृतात मोठी गाठ निघते. गाठ सहा महिने आधी सापडली असती तर पूर्ण बरे करणारे उपचार शक्य होते, असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरच्यांच्या हाती फारसे काही उरलेले नसते. हा क्रम बदलता येतो. त्यासाठी काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे जायचे, ते या लेखात सांगितले आहे.

एका रुग्णात दोन आजार

यकृताच्या मूळ कर्करोगांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकाच प्रकारचे असतात. त्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात. कागदपत्रांवर त्याचे ‘एचसीसी’ असे लघुरूप दिसते. पित्तनलिकेचा कर्करोग वेगळा. आतडे, स्तन किंवा अन्य अवयवातून यकृतात पसरलेला कर्करोग त्याहूनही वेगळा, आणि त्याचा उपचार मूळ अवयवाच्या कर्करोगाप्रमाणे होतो. म्हणून ‘लिव्हरमध्ये कॅन्सर आहे’ एवढ्या माहितीवर थांबू नये. तो तिथलाच की दुसरीकडून आलेला, हे आधी विचारावे.

एचसीसीच्या बहुतेक रुग्णांना एकाच वेळी दोन आजार असतात. एक ती गाठ आणि दुसरा सिरोसिस. वर्षानुवर्षांच्या सुजेने यकृत घट्ट, खडबडीत आणि दुबळे होते, त्याला सिरोसिस म्हणतात. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. गाठ छोटी असली तरी यकृतात दम नसेल, तर शस्त्रक्रिया रुग्णाला झेपत नाही. उलट गाठ थोडी मोठी असली आणि यकृत धडधाकट असले, तर ती काढून टाकता येते. म्हणून चांगला डॉक्टर दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधतो : गाठ किती आणि यकृताची ताकद किती. घरच्यांनीही हेच दोन प्रश्न विचारावेत.

तपासणी कोणी करून घ्यावी?

२०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, याचे मोठे कारण आजार उशिरा सापडणे हे आहे. सुरुवातीला गाठ दुखत नाही. भूक मंदावणे, वजन घटणे, उजव्या बरगडीखाली जडपणा ही लक्षणे पुढच्या टप्प्यातली.

पुढील व्यक्तींनी लक्षणांची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी आणि सोबत रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी तपासावे :

- दारू, कावीळ ब, कावीळ क, फॅटी लिव्हर किंवा अन्य कोणत्याही कारणाने सिरोसिस झालेले सर्व रुग्ण;
- कावीळ ब शरीरात कायम राहिलेले चाळिशीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया, सिरोसिस नसला तरीही;
- कावीळ ब असून घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याहूनही लवकर;
- औषधांनी कावीळ क बरी झाली, पण त्याआधी सिरोसिस झाला होता, असे रुग्ण.

मधुमेह, वाढलेला पोटाचा घेर आणि फॅटी लिव्हर हे त्रिकूट आता गावांतही सर्रास दिसते. अशांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे : ‘माझे यकृत कितपत घट्ट झाले आहे?’ वय, प्लेटलेट आणि एसजीओटी-एसजीपीटी यांवरून काढलेला ‘फिब-४’ हा आकडा किंवा फायब्रोस्कॅन यावरून त्याचा अंदाज येतो.

सहा महिन्यांचे अंतर ठरवण्यामागे कारण आहे. बऱ्याच रुग्णांत ही गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. वर्षभर थांबलो तर छोटी गाठ हाताबाहेर जाऊ शकते. सोनोग्राफीला सहा तास उपाशीपोटी जावे, म्हणजे चित्र स्पष्ट येते. एएफपी सामान्य आले म्हणून निर्धास्त होऊ नये. अनेक छोट्या गाठींत ते वाढलेले नसते.

गाठ दिसली, आता पुढे?

सोनोग्राफीत एक सेंटीमीटरपेक्षा लहान ठिपका दिसला, तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. गाठ एक सेंटीमीटर किंवा मोठी असेल तर ट्रिपल फेज सीटी स्कॅन किंवा डायनॅमिक एमआरआय लागतो. साधा सीटी काढून पैसे घालवू नयेत. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ धमनीच्या रक्तावर पोसते. त्यामुळे शिरेतून औषध सोडल्यावर गाठ आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसते. सिरोसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल, तर निदान तिथेच पक्के होते. सुई घालून तुकडा काढायची गरज राहत नाही. बायोप्सीत रक्तस्राव होण्याचा आणि सुईच्या वाटेवर पेशी पसरण्याचा थोडा धोका असतो, म्हणून ती तज्ज्ञांनी ठरवल्यावरच करावी. सिरोसिस नसेल किंवा चित्र संदिग्ध असेल, तर मात्र ती लागते.

मोठ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी एक फाइल तयार करा. त्यात सीटीची फिल्म आणि सीडी, बिलीरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एएफपी, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या आणि एंडोस्कोपी झाली असल्यास तिचा अहवाल, सगळे तारखेप्रमाणे लावा. चालू औषधांची यादी वेगळ्या कागदावर लिहा. निम्मा हेलपाटा इथेच वाचतो.

यकृताची इयत्ता आणि आजाराचा टप्पा

यकृताची ताकद ‘चाइल्ड-प्यू’ पद्धतीने ए, बी, सी अशी मोजतात. बिलीरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवर आलेली गुंगी या पाच गोष्टींचे गुण त्यात धरतात. ‘ए’ म्हणजे यकृत सावरलेले, ‘सी’ म्हणजे ते फार थकलेले.

आजाराचा टप्पा ठरवण्यासाठी बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली ‘बीसीएलसी’ पद्धत जगभर वापरतात. तिचा मथितार्थ असा :

*अगदी सुरुवातीचा आणि सुरुवातीचा टप्पा :* एक गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटीमीटरच्या आत. यात आजार मुळापासून काढण्याचा प्रयत्न होतो.

*मधला टप्पा :* यकृतात अनेक गाठी, पण रक्तवाहिन्यांत किंवा बाहेर पसरलेल्या नाहीत.

*पुढचा टप्पा :* कर्करोग यकृताच्या शिरेत शिरलेला किंवा फुप्फुस, हाडे, लसिका ग्रंथींपर्यंत गेलेला.

*अखेरचा टप्पा :* यकृत निकामी, रुग्ण अंथरुणाला खिळलेला. यात त्रास कमी करणे हाच योग्य उपचार.

कोणता उपचार कोणासाठी?

गाठ एकच आणि यकृत ‘ए’ वर्गातले असेल, तर गाठीसह यकृताचा तो भाग कापून काढणे हा उत्तम पर्याय. यकृत पुन्हा वाढते, पण ही क्षमता निरोगी यकृतात जास्त, सिरोसिसच्या यकृतात कमी. म्हणूनच किती भाग मागे उरेल, याचे मोजमाप आधी करतात. तीन सेंटीमीटरच्या आतली गाठ सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून जाळता येते. याला रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह अॅब्लेशन म्हणतात. लहान गाठींत त्याचे यश शस्त्रक्रियेच्या जवळपास जाते आणि रुग्ण लवकर घरी येतो.

यकृत दुबळे पण गाठी मर्यादित असतील, तर प्रत्यारोपणाने दोन्ही आजार एकदम जातात. इटलीतील मिलान येथील डॉ. माझाफेरो यांनी १९९६ मध्ये घालून दिलेला निकष आजही आधार मानला जातो : पाच सेंटीमीटरपर्यंत एक गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटीमीटरच्या आत. जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेता येतो, त्याला १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याचे नियम लागू आहेत. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. मराठवाड्यासाठी हे समन्वयाचे काम छत्रपती संभाजीनगरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते.

मधल्या टप्प्यात मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन तिथे औषध सोडतात आणि गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. हा ‘टेस’ उपचार. नंतर काही दिवस ताप, मळमळ, पोटदुखी होते, त्याने घाबरू नये. पण ताप वाढत गेला किंवा थंडी भरली तर लगेच दाखवावे. काही रुग्णांत किरणोत्सारी कण धमनीतून सोडणे किंवा नेमक्या जागी बाहेरून किरण देणे उपयोगी पडते.

पुढच्या टप्प्यात औषधे. २००८ मध्ये सोराफेनिब या गोळीने या आजारात आयुष्य वाढते, हे पहिल्यांदा सिद्ध झाले. औषध न घेणाऱ्यांच्या ७.९ महिन्यांच्या तुलनेत ते घेणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १०.७ महिने होते. पुढे अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या इंजेक्शनांच्या जोडीने ते १९ महिन्यांपर्यंत नेले. मात्र हे आकडे यकृत बऱ्या स्थितीत असलेल्या रुग्णांचे आहेत. ही जोडी देण्यापूर्वी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहणे आवश्यक आहे, नाहीतर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. सोराफेनिबने तळहात-तळपायांची त्वचा सोलते, जुलाब होतात, रक्तदाब वाढतो. खुरपे-कुदळ धरणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यापासून मलम आणि मऊ हातमोजे वापरायला सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टर मात्रा कमी करून देतात.

या गोळीच्या किमतीचा निकाल मुंबईत लागला, हे आपल्या वाचकांना माहीत असावे. बायर कंपनीच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला हे औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपयांवर आणली. भारतातला असा हा पहिला परवाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणून डॉक्टरांना ‘यातले जेनेरिक औषध आहे का?’ असे विचारायला संकोच करू नका.

कोणताही उपचार निवडला तरी कावीळ ब असलेल्या रुग्णाने टेनोफोविर किंवा एन्टेकाविर चालू ठेवलेच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरही आजार अनेकांत पुन्हा उद्भवतो. त्यामुळे पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन करावा लागतो. बरे वाटते म्हणून तारीख चुकवू नये.

कुठे जावे, खर्च कसा भागवावा?

हा उपचार एकट्या डॉक्टरचा नाही. यकृततज्ज्ञ, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायला हवा. या बैठकीला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. ‘आमची केस बोर्डापुढे ठेवली का?’ हा प्रश्न जरूर विचारा. जालन्याहून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून हे काम करते. थेट मुंबई गाठण्याआधी संभाजीनगरला दाखवले तर बऱ्याच तपासण्या जवळच उरकतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डॉक्टरांचे कागद सोबत ठेवा. आपला नेमका उपचार योजनेत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी विचारा, कारण एकदा बिल भरल्यावर पैसे परत मिळणे अवघड असते. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. प्रत्यारोपणासारख्या मोठ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे अर्ज करावा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत भाडेसवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. शेत विकायची किंवा सावकाराकडे जायची घाई त्याआधी करू नका.

घरची काळजी

सिरोसिसच्या रुग्णाला उपाशी ठेवणे किंवा फक्त फळांच्या रसावर ठेवणे चुकीचे आहे. त्याचे स्नायू झिजत असतात. डाळ, दूध, दही, अंडी, पनीर रोज हवे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे आणि झोपण्यापूर्वी दूध-भाकरी किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा, म्हणजे रात्रीचा उपास लांबत नाही. पोटात पाणी असेल तर दिवसभराचे मीठ एका लहान चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे, पापड आणि खारवलेले पदार्थ बंद.

अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये. त्याने मूत्रपिंड बिघडते आणि पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत घेता येते. जडीबुटी निर्धोक असते, हा समज सोडावा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. दारू पूर्ण बंद करावी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे.

पुढीलपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा : रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, असंबद्ध बोलणे किंवा दिवसा झोप व रात्री जाग, पोटातल्या पाण्यासोबत ताप, एकाएकी तीव्र पोटदुखी, लघवी कमी होणे. गुंगी येऊ नये म्हणून दिलेले लॅक्ट्युलोज दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके द्यावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तरी उपचार संपत नाहीत. वेदना, धाप, खाज, पोटातले पाणी आणि झोप या प्रत्येकावर उपाय आहेत. मॉर्फिन योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली सुरक्षित असते, त्याने व्यसन लागेल या भीतीने रुग्णाला तळमळत ठेवू नये. पॅलिएटिव्ह केअरचा सल्ला अगदी शेवटी घ्यायचा नसतो. निदानाबरोबरच घेतला तर रुग्ण आणि घर दोघांनाही आधार मिळतो. आजार काय आहे हे रुग्णाला कळण्याचा हक्क आहे. त्याच्यापासून लपवून निर्णय घेऊ नयेत.

हा कर्करोग टाळता येतो

कावीळ ब विरुद्धची लस ही कर्करोग रोखणारी लस आहे. तैवानने १९८४ मध्ये ती बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस आणि पुढे ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. प्रौढांनी तपासणी करून तीन डोस घ्यावेत : आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ब आणि क काविळीची तपासणी व औषधे मोफत आहेत. कावीळ क बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. एकच वस्तरा, एकच सुई, गोंदण्याची तीच सुई हे टाळावे. एका रुग्णाला कावीळ ब निघाली तर घरातल्या सर्वांची तपासणी करावी.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. परतीच्या पावसात भिजलेल्या मक्यावर आणि शेंगांवर हिरवट-पिवळी बुरशी येते. तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा कर्करोग घडवते, आणि कावीळ ब असलेल्या माणसात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत बुरशीचा मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन मरण पावली. भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष पुरेसे नष्ट होत नाही. म्हणून कणसे ओल्या जमिनीवर ढीग करून ठेवू नका, ताडपत्रीवर पातळ पसरून कडक वाळवा, पोती भिंतीपासून दूर लाकडी फळीवर रचा. बुरशी लागलेले दाणे निवडून फेकून द्या. ते दुभत्या जनावरांनाही घालू नका, कारण विषाचा अंश दुधात उतरतो.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात सिरोसिस किंवा कायमची कावीळ ब असलेला माणूस असेल, तर त्याच्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख आजच ठरवा आणि त्यानंतरची सहा महिन्यांनीची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा. डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा, मग बाकीचे सल्ले ऐका. छोटी सापडलेली गाठ बरी करण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत. ती छोटी असतानाच शोधणे आपल्या हातात आहे.